शून्याच्या हद्दीत

समिती येणार असली की आमच्या विद्यापीठात आधी कुंड्या येतात.

गावातल्या रोपवाटिकेतून भाड्याने आणलेल्या, सगळ्या एका उंचीच्या, पानांवरून तेलाचा बोळा फिरवलेल्या. समिती तळमजला पाहून चहाला बसली की त्याच कुंड्या मागच्या जिन्याने वर जातात, म्हणजे वरचा मजलाही हिरवागार. समिती गेली की कुंड्याही जातात आणि फरशीवर मातीचे गोल डाग तेवढे उरतात. या कलेत नीरातीर विद्यापीठाचा हात धरणारं कोणी नाही. मी इथे पदार्थविज्ञान शिकवते आणि वर्षानुवर्षं हे पाहते आहे. या कारभाराबद्दल मला जे वाटतं त्याला तिरस्कार हाच शब्द आहे. उगाच सौम्य शब्द शोधत बसण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

तर अशा विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. हृषीकेश टिपरे यांनी एका उन्हाळ्यात जाहीर केलं की आपण देशातलं पहिलं हवामान-तटस्थ विद्यापीठ होणार. जमिनीखालचा जुना कार्बन आपल्या हातून हवेत जाणार नाही, असा संकल्प. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं आणि सभागृहात वातानुकूलन असं जोरात होतं की पुढच्या रांगेतल्या प्राध्यापिका शाली लपेटून बसल्या होत्या. टिपरे सर छातीवर हात ठेवून 'वसुंधरा, वसुंधरा' म्हणत होते. मला वाटलं, येतील कुंड्या, जाईल समिती, विषय संपेल.

पण या वेळी त्यांना माझं यंत्र सापडलं.

यंत्र काय करतं ते सांगते. झाड वाढताना हवेतला कार्बन खातं. त्यातला अगदी किंचित भाग किरणोत्सारी असतो, कार्बन-चौदा. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे तो वातावरणात सतत तयार होत राहतो. जे काही आत्ताआत्तापर्यंत जिवंत होतं, म्हणजे लाकूड, शेणी, भाकरी, आपला श्वास, त्या सगळ्यात तो सापडतो. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून राहिलेल्या कोळशात आणि खनिज तेलात मात्र तो विरून गेलेला असतो, नावालासुद्धा उरत नाही. चुलीचा धूर आणि डिझेलचा धूर यांची कुळं अशी वेगळी. पूर्वी हे कूळ ओळखायला हवा बाटलीत भरून मोठ्या प्रयोगशाळेत धाडावी लागे. मी समोरासमोरच्या दोन आरशांमध्ये लेसरचा किरण खेळवला आणि तो किती मंदावतो त्यावरून जागच्या जागी कार्बनचं कूळ सांगणारं उपकरण केलं. असे खांब विद्यापीठाभोवती रोवले की वारा आत येताना त्यात जुना कार्बन किती होता आणि बाहेर पडताना किती झाला, ते कळतं. जो वाढला तो तुमचा. दुसऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही.

हे शेवटचं वाक्य किती भाबडं होतं ते मला पुढे कळलं.

टिपरे सरांनी खांब रोवले, फाटकावर मोठी पाटी लावली. शून्य असलं की हिरवं, नाहीतर लाल. लोक त्या खांबांच्या कुंपणाला 'रेषा' म्हणू लागले. पहिल्याच दिवशी पाटी अशी लालभडक पेटली की रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. सरांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, हे जरा ॲडजस्ट होईल का?"

"हवा होईल, सर. आकडा नाही."

"नाही, म्हणजे आपलंच यंत्र आहे ना?"

"म्हणूनच."

ते हसले. आपलं म्हणणं समोरच्याला कळलेलं नाही असं वाटलं की ते हसतात. कळलेलं असतं, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

तोड काढली ती कुलसचिव दत्तप्रसाद ओंबळे यांनी. ओंबळ्यांनी आयुष्यात एकही प्रश्न सोडवलेला नाही. त्यांनी प्रश्न नेहमी दुसऱ्या विभागाकडे पाठवले आहेत. लाल पाटीकडे बघून ते शांतपणे म्हणाले, "सर, कॅन्टीन विद्यापीठात आहेच कशाला?"

आणि कॅन्टीन हद्दीबाहेर गेलं. जागा तीच, भिंती त्याच, वडा तोच. फक्त व्यवस्थापन परिषदेने ठराव केला: 'सदर वास्तू विद्यापीठाच्या हद्दीत येत नाही.' मग मी माझ्या संगणकावरच्या नकाशात रेषा आत ओढायची आणि शिपायांनी खांब उपटून कॅन्टीनच्या अलीकडे रोवायचे. मागोमाग मुलींचं वसतिगृह गेलं, कारण तिथे पाणी गॅसवर तापायचं. मग अभियांत्रिकीची कर्मशाळा, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा, प्राध्यापकांची घरं, आमचं घरसुद्धा. जिथे काही उकळत होतं, घडत होतं, शिजत होतं, ते सगळं एकेक करून बाहेर. माझं यंत्र शेवटपर्यंत खरं बोललं. खोटी झाली ती जमीन.

वर आणखी एक ठराव झाला. मुलांचं खेळाचं मैदान सौर पट्ट्यांनी झाकून टाकलं होतं. ती स्वच्छ वीज हद्दीबाहेरच्यांनी का वापरावी, असा प्रश्न टिपरे सरांना पडला. म्हणून वीज वाटणारी यंत्रणा माझ्या नकाशाला जोडली. इमारत रेषेच्या आत असेल तर वीज. बाहेर गेली की त्याच क्षणी बंद. आत तरी सगळ्यांना मिळावी? तर नाही. प्रशासकीय इमारत, तिच्या तळमजल्यावरचं सभागृह आणि तिथलं ते हुडहुडी भरवणारं वातानुकूलन यांनीच ती गिळून टाकली. बाकीचे होते तिथेच, सरकारी तारेवर.

निनादची शीतकोठी या बाकीच्यांमध्ये होती.

निनाद माझा नवरा. वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि रेषेच्या उत्तर टोकाला करांद्यांची कोठी सांभाळतो. घाटातले करांदे, कोनफळं, कणग्या हे रानकंद, आणि रानकेळी. भात करपला तरी तग धरणारी ही झाडं. पाऊस दगा देऊ लागल्यापासून ज्यांच्याकडे बघायला लोकांनी सुरुवात केली आहे ती. करांद्याचा वाण बियांवर भरवसा ठेवून टिकत नाही, कंदातूनच पुढे जातो, आणि कंद पोत्यात सडतो. म्हणून निनाद कोंबाच्या टोकाचा मोहरीएवढा तुकडा काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतो. त्या भयंकर थंडीत कोंबाचा काळ थांबतो. पण नायट्रोजन सतत उडून जात असतो आणि तो भरत राहावा लागतो. तो तयार करणारं यंत्र कोठीतच होतं, विजेवर चालायचं. टाकीतली पातळी उतरली आणि कोंब आपोआप वितळला, तर तो परत उगवत नाही. यातल्या कित्येक वाणांचे डोंगर आता करपून गेले आहेत. ते फक्त त्या टाक्यांत आहेत, जगात इतरत्र कुठेही नाहीत.

पुढच्या वर्षी चैत्रातच सरकारी वीज रोज दुपारी जायला लागली. निनाद जनरेटर लावायचा. जनरेटर डिझेलचा, रेषा लाल. समितीची तारीख जवळ आल्यावर ओंबळ्यांनी स्वतः येऊन जनरेटरला लाखेचं सील ठोकलं.

निनाद त्या दिवशी दुपारी माझ्या लेसर-खोलीत आला. ही खोली मैदानाच्या कडेला आहे, एका माणसापुरती. तो दारातच उभा राहिला.

"पातळी उतरतेय, शलाका."

"टिपऱ्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. समिती जाईपर्यंत कळ काढा म्हणाले. कोंबाला कसं सांगू कळ काढ म्हणून?" त्याने बाहेर खांबाकडे बोट केलं. "उत्तरेकडचा खांब समिती जाईपर्यंत आंधळा कर. सील मी तोडतो."

मी त्याच्याकडे बघितलं. हा माणूस स्वतःच्या कामात आकडा अर्ध्या अंशानेही हलू देत नाही.

"नाही," मी म्हणाले.

"कोणाला कळणार आहे?"

"मला. निनाद, या विद्यापीठात खरं बोलणारी एकच वस्तू उरली आहे. ती मी केली आहे. तिला मी खोटं बोलायला शिकवलं तर मग टिपऱ्यांनी ॲडजस्ट करा म्हटल्यावर कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

"म्हणजे टिपरे आणि मी तुला सारखेच?"

"मागणी सारखी आहे."

असं बोलायला नको होतं. पण ते खरं होतं, आणि आजही कोणी विचारलं तर मी तेच म्हणेन. निनाद निघून गेला. त्या दिवसापासून तो जेवायलासुद्धा घरी येईना. कोठीत सतरंजी टाकून टाक्यांपाशी राहू लागला. मी डबा नेऊन दारात ठेवायची आणि तो मी परत फिरल्यावर आत घ्यायचा. कोणासाठी हे सगळं? तर ज्या माणसाला करांदा आणि बटाटा यांतला फरक माहीत नाही, त्याच्या पाटीसाठी. माझा संताप संताप व्हायचा.

पण डबा ठेवून परत येताना एकदा मी रेषेपलीकडच्या कॅन्टीनकडे पाहिलं. गॅस भकभकत होता, वडे तळले जात होते, मुलं टेबलं बडवून गात होती. त्यांना कोणी सील ठोकत नव्हतं. आम्ही सगळे आत राहण्यासाठी इतके धडपडत होतो की बाहेर असण्याचा फायदा कोणाच्या ध्यानातच आला नव्हता.

मी सरळ टिपरे सरांच्या दालनात गेले.

"सर, एक तक्रार आहे. शीतकोठीमुळे आपलं शून्य धोक्यात आहे."

ते खूश झाले. स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन येणारी बायको म्हणजे त्यांच्या दृष्टीने आदर्श कर्मचारी.

"काय असतं हो तिथे?"

"करांदे, सर."

"ते उपासाला खातात ते?"

"तेच. त्यांतले काही वाण जगात दुसरीकडे कुठेही नाहीत."

सरांनी विचार केला. ते विचार करतात तेव्हा पेनाचं टोपण चघळतात. "मग हद्दीबाहेर काढले तर काय बिघडलं? दुसरीकडे नाहीतच, तर हरवतील कुठे?"

मी मान डोलावली. ठराव झाला. सदर वास्तू आणि तिचे प्रभारी प्राध्यापक विद्यापीठाच्या हद्दीत येत नाहीत. कोठीबरोबर निनादही बाहेर. वार्षिक अहवालातून नाव गेलं, ग्रंथालयाचं कार्ड बंद झालं. खांब कोठीच्या अलीकडे आले. निनादने सील दगडाने फोडलं आणि जनरेटरचा धडधडाट सुरू झाला. मी डबा घेऊन गेले तेव्हा तो दारात उभा होता.

"तू मला हाकललंस," तो म्हणाला.

"हो."

"बरं केलंस. आत ये."

आम्ही टाक्यांपाशी बसून जेवलो. पातळी चढत होती, तरी त्याच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. भाजीचा घास हातात धरून तो जनरेटरच्या धुराकडे पाहत राहिला.

"याच धुराने यांचे डोंगर करपले," तो म्हणाला. "आणि मी यांना त्याच धुरावर जगवतोय. बरं, तेही किती दिवस? पंपावर डिझेल मिळतंय कुठे हल्ली?"

खरंच मिळत नव्हतं. तो कॅन घेऊन सगळे तालुके पालथे घालत होता. कधी अर्धा कॅन मिळायचा, कधी रिकाम्या हाताने परत यायचा. आणि कोठीपासून हाकेच्या अंतरावर मैदानभर सौर पट्ट्या चकाकत होत्या, टिपऱ्यांच्या दालनात गारवा फुंकत.

समिती आली ती अक्षय्य तृतीयेच्या दिवशी. मुहूर्त ओंबळ्यांनी काढला होता.

कुंड्या आल्या. स्वागतगीत झालं. एक मंत्री प्रमुख पाहुणे होते. समितीच्या अध्यक्षा डॉ. मुक्ता सरंजामे कोरड्या स्वभावाच्या बाई होत्या. हार गळ्यात पडण्याआधीच त्यांनी तो हातात घेतला आणि टेबलावर ठेवला. मला त्या तिथेच आवडल्या. बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की प्रमाणपत्र पाच वर्षांचं असेल आणि ते आज, सही होताना, जी हद्द असेल त्या हद्दीसाठी असेल. पुढे हद्द एक हातभरही हलली तर प्रमाणपत्र रद्द.

टिपरे सर जोरजोरात मान हलवत होते. त्यांनी या दिवसासाठी खास हौस म्हणून सभागृहातही एक खांब बसवून घेतला होता, व्यासपीठाच्या अगदी कडेला, आणि वर फाटकावरच्या पाटीची मोठी जुळी बहीण. पाहुण्यांना शून्य डोळ्यांनी दिसावं. मी त्यांना म्हणाले होते की खांब फार संवेदनशील आहे, इतक्या जवळ नको. ते हसले होते.

मग दीपप्रज्वलन.

पुरुषभर उंचीची पितळी समई, पाची वाती जाडजूड. मंत्र्यांनी पहिली वात लावली, मग टिपरे सरांनी, मग टिपरेबाईंनी. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत वरची पाटी लाल झाली.

सभागृहात आधी कोणाला समजलंच नाही. मग एकदम कुजबुज वाढली. टिपरे सर माझ्याकडे धावले.

"मॅडम, बंद करा ते यंत्र!"

"बंद केलं तर पाटी कोरी दिसेल, सर."

"मग सांगा, मिस्टरांच्या जनरेटरचा धूर आत आला. सांगा ना! हद्दीबाहेरचा आहे, कोणाला काय फरक पडतो?"

मी उत्तर देण्याआधी डॉ. सरंजामेंनी माइकवरून विचारलं, "हे उपकरण कोणाचं? काय दाखवतंय ते?"

"माझं," मी उठून उभी राहिले. "सगळे खांब शांत आहेत. फक्त या सभागृहातला बोलतोय. इथे खनिज तेल जळतंय. समईत."

ओंबळे घाईघाईने पडद्यामागून बाटली घेऊन आले. "सर, शुद्ध दीपतेल आहे! बघा, देवीचं चित्र आहे!" डॉ. सरंजामेंनी चष्मा लावून देवीच्या पायाखालचा बारीक मजकूर वाचला. खाण्यास अयोग्य. खनिज तेल, सुगंधित. देवाला लावायचं म्हणून स्वस्तातलं तेल आणायचं ही आपल्याकडची जुनी रीत. देव काही चव घेत नाही. माझं यंत्र घेतं.

"मग सोपं आहे," डॉ. सरंजामे म्हणाल्या. "समई विझवा."

वातींकडे कोणाचाही हात गेला नाही.

नीरातीर विद्यापीठाने कॅन्टीन बाहेर फेकलं होतं, मुलींचं वसतिगृह फेकलं होतं, प्रयोगशाळा फेकल्या होत्या, कोणाचा आवाज चढला नव्हता. पण मंगलकार्यात लावलेली समई विझवायची?

"मी लावलेली ज्योत मीच विझवू?" मंत्री म्हणाले. "तीही निवडणुकीच्या वर्षात?"

"अहो, काहीतरीच काय!" टिपरेबाई नवऱ्याला म्हणाल्या. "आज अक्षय्य तृतीया आहे. तुम्ही हात लावाल तर बघा."

टिपऱ्यांनी ओंबळ्यांकडे पाहिलं. ओंबळ्यांनी बाटलीकडे पाहिलं. कोणीतरी हुशारीने पंखा वाढवला, म्हणजे ज्योत आपसूक जाईल आणि पाप पंख्याला लागेल. तर पुढच्या रांगेतले तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख लगबगीने उठले आणि त्यांनी सवयीने दोन्ही हातांचा आडोसा धरून वाती जपल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. ही माणसं विज्ञानाच्या पदव्या वाटतात. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी किळसही वाटत होती.

तेवढ्यात ओंबळ्यांना त्यांना येणारी एकमेव गोष्ट आठवली.

"सर," ते म्हणाले, "व्यवस्थापन परिषदेचे सगळे सदस्य समोरच आहेत."

टिपऱ्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माइक ओढून घेतला. "सदर सभागृह विद्यापीठाच्या हद्दीत येत नाही, असा ठराव मांडतो."

"अनुमोदन!" समोरून चार-पाच आवाज एकदम आले.

मी म्हणाले, "सर, नकाशावर सभागृह वेगळं नाही. इमारत एकच आहे. ग्रंथालय, वर्ग, आपलं दालनही जाईल."

"मॅडम, तुम्ही रेषा ओढा."

"सर, नीट विचार करा. इमारत बाहेर गेली की..."

"रेषा ओढा म्हणतो ना! इथे कुलगुरू कोण आहे?"

मी सर्वांसमोर दोनदा सांगितलं, याला साडेतीनशे खुर्च्या साक्ष आहेत. मग हातातल्या पडद्यावर बोट फिरवलं. प्रशासकीय इमारत रेषेच्या बाहेर गेली. वरची पाटी क्षणभर हिरवी झाली, त्यावर भलंमोठं शून्य उमटलं, आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

त्या कडकडाटातच वातानुकूलन थांबलं. दिवे गेले. माइक गेला. हिरवी पाटीही गेली. सरकारी वीज तर रोजच्यासारखी दुपारीच गेलेली होती. खिडक्यांना जाड मखमली पडदे होते. अंधारात टिपऱ्यांचा उघडा आवाज ऐकू आला, "वीज कोणी घालवली?" आणि मी पहिल्या रांगेतून म्हणाले, "ठरावाने, सर. हद्दीबाहेर वीज द्यायची नाही, असा आपलाच ठराव आहे."

डॉ. सरंजामेंनी आपल्या पडद्यावर बाहेरच्या सगळ्या खांबांचे आकडे पाहिले. शून्य होतं, रेषेच्या आत खरोखरच काही जळत नव्हतं. त्यांनी प्रमाणपत्र समईजवळ धरलं आणि खनिज तेलाच्या उजेडात सही केली. जाताना माझ्यापाशी थांबल्या.

"तुम्हाला माहीत होतं हे?"

"मी फक्त रेषा ओढते," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत, पण माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

समई आपसूक शांत झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. टिपऱ्यांनी मला बोलावून इमारत परत आत घ्यायला सांगितलं. मी म्हणाले, घेते, लगेच घेते. पण हद्द हलली की प्रमाणपत्र रद्द. ते घामाने थबथबलेले, कोट काढून उभे होते. हातातल्या पुठ्ठ्याने वारा घेत होते. त्यांनी प्रमाणपत्राच्या सोनेरी चौकटीकडे पाहिलं, बंद पंख्याकडे पाहिलं. त्यांनी काय निवडलं ते सांगायला नको.

आता रेषेच्या आत काय होतं? झाकलेलं मैदान, थोडी हिरवळ, रोपवाटिकेने परत न्यायच्या कुंड्या आणि माझी खोली. मैदानभर पट्ट्या भर उन्हात वीज करत होत्या आणि ती घ्यायला माझा एक दिवा आणि एक लेसर. ठरावाला अपवाद करून शीतकोठीला तार द्यायला हद्दीतल्या सर्वांत ज्येष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागणार होती. हद्दीत दुसरं कोणी उरलंच नव्हतं. म्हणून मी परवानगी मागितली आणि मीच दिली.

सकाळी उन्हं तापायच्या आत मी तारेचं वेटोळं ओढत उत्तरेच्या खांबापर्यंत गेले. पलीकडून निनाद आला. त्याच्या हाताला डिझेलचा वास होता.

"वीज जाऊ दे ना इकडून तिकडे," मी म्हणाले. "तिच्यात कार्बन नसतो. खांबाला कळणार पण नाही."

"आंधळा करावा लागणार नाही ना?"

"नाही."

त्याने तार घेतली. थोड्या वेळाने जनरेटर थांबला. इतके दिवस कानात धडधडणारा तो आवाज गेल्यावर कोठीतल्या नायट्रोजनच्या यंत्राची बारीक घरघर ऐकू आली. निनाद टाकीचं झाकण उघडून आत बघत होता, पांढरी वाफ त्याच्या मनगटावरून खाली सांडत होती. तो म्हणाला, "सगळे आहेत." मला एकदम रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. सगळी सोंगं उतरल्यावर या विद्यापीठाचा एक तुकडा खरोखर तटस्थ झाला होता, आणि तो विद्यापीठाच्या हद्दीत नव्हता.

वैशाख तापत गेला. सरकारी वीज दुपारभर जायची. प्रशासकीय इमारतीत फायली घेऊन लोक व्हरांड्यात बसू लागले. एका दुपारी माझ्या खोलीच्या खिडकीत टिपरे सर आले. रेषेच्या पलीकडे उभे राहून, गळ्याभोवती ओला रुमाल. मी त्यांना आत बोलावलं नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्याकडे वीज वाया जाते म्हणतात."

"जाते, सर."

"एक तार आमच्याकडे टाकली तर? फक्त दालनापुरती."

"आपण हद्दीबाहेर आहात, सर."

"मिस्टरांची कोठीही बाहेरच आहे!" आवाज चढला त्यांचा. "त्यांना कशी दिली?"

मी लेसर बंद केला आणि उठून खिडकीपाशी गेले. घाई नव्हती. त्यांच्या मागे रोपवाटिकेचा टेम्पो उभा होता आणि दोन माणसं कुंड्या चढवत होती.

"त्यांना तुम्ही हाकललं होतं," मी म्हणाले. "तुम्ही स्वतःच्या ठरावाने गेलात, सर. टाळ्या वाजवत."